बेगमपेठेचे विमानतळ

हैदराबादेस विमानाने जाणारा आजचा प्रवासी खरे पाहता हैदराबादेत उतरतच नाही. तो शहराच्या दक्षिणेस, वीस-पंचवीस किलोमीटरांवरील शमशाबादच्या माळावर उतरतो, काचेच्या अफाट दालनांतून आपले सामान ओढीत बाहेर पडतो आणि पी. व्ही. नरसिंह राव यांचे नाव दिलेल्या उंच पुलावरून मेहदीपट्टणमला पोचेपर्यंत त्याची आणि शहराची ओळखदेख होत नाही. मार्च २००८ पर्यंत ज्या ठिकाणी हैदराबादला येणारे सारे जग उतरत असे, ते बेगमपेठेचे विमानतळ मात्र हुसेनसागराच्या वायव्येस, हैदराबाद आणि सिकंदराबाद या जुळ्या नगरांच्या सांध्यावर, भरवस्तीत आजही जागे आहे. त्याचे तिकीट कोणत्याही खिडकीवर मिळत नाही आणि त्याचे वेळापत्रक कोठेही लावलेले नसते. तरीही तेथून रोज विमाने उडतात: शिकाऊ वैमानिकांची चिमुकली, उद्योगपतींची चपळ, मंत्र्यांची लगबगीची आणि वायुसेनेची करड्या रंगाची. शमशाबाद पाहण्यासाठी मुद्दाम कोणी प्रवास करणार नाही. बेगमपेठेसाठी तो करावा, असे माझे मत आहे.

ठरावीक मार्गावर, ठरावीक वेळेस आणि तिकीट विकून चालणारी वाहतूक वगळली, की विमानविद्येचे जे नानाविध उद्योग उरतात, म्हणजे शिक्षण, हौस, रुग्णवहन, सर्वेक्षण, खासगी व भाड्याची विमाने, त्यांच्यासाठी पाश्चात्त्य देशांत लहान लहान विमानतळे असतात. अमेरिकेत तर ती बहुधा नगरपालिकेच्या किंवा जिल्ह्याच्या मालकीची असून आपल्याकडे नगरपालिका जशी भाजीमंडई राखते, तशी तेथील नगरपालिका धावपट्टी राखते. आपल्या राज्यघटनेने ही सोय ठेवलेली नाही. सातव्या परिशिष्टातील संघसूचीच्या २९व्या नोंदीने आकाशमार्ग, विमाने आणि विमानतळांची तरतूद हा सारा कारभार केंद्राकडे दिला आहे, आणि त्यामुळे बेगमपेठेची दिवाबत्ती, झाडलोट आणि हिशेब हे सारे १९९५ साली स्थापन झालेल्या भारतीय विमानपत्तन प्राधिकरणाच्या दफ्तरी आहे. हैदराबादच्या महानगरपालिकेचा त्यावर काडीइतकाही हक्क नाही. तथापि हे विमानतळ जन्माला आले तेव्हा ते याच शहराचे, निदान याच दरबाराचे होते, आणि ती हकीकत मराठी वाचकाने जाणून घ्यावी अशी आहे. कारण त्या दरबाराच्या तिजोरीत औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद या पाच मराठी जिल्ह्यांचा महसूलही जमा होत होता.

मराठवाड्यातून येणारा मनुष्य अजूनही मनमाड-काचीगुडा या जुन्या वाटेनेच हैदराबादेत शिरतो. गोदावरी खोऱ्याची म्हणून ओळखली जाणारी ही लोहमार्गाची वाट विसाव्या शतकाच्या आरंभी खुली झाली, आणि काचीगुड्याचे घुमटदार स्थानक १९१६ साली उभे राहिले. मीही त्याच वाटेने गेलो. पुढचा प्रवास मेट्रोचा. सिकंदराबादेकडून अमीरपेठेकडे जाणारी निळी गाडी पॅरडाइज सोडून रसूलपुरा आणि प्रकाशनगर या थांब्यांवरून जाऊ लागली, की उजव्या हाताच्या खिडकीपाशी उभे राहावे. मेट्रोचा मार्ग खांबांवरून जात असल्यामुळे जमिनीवरील मनुष्याला भिंतीमुळे जे दिसत नाही ते येथे झाडांच्या आडून दिसते: गवताचे मोठे मैदान, त्यामागे उष्णतेने थरथरणारी धावपट्टी, आणि एखादे पांढरे विमान. डब्यातील बाकीची मंडळी आपापल्या मोबाइलमध्ये गढलेली असतात.

प्रकाशनगरला उतरून पायी हिंडणाऱ्यास या परिसरात विमानतळाखेरीजही पुष्कळ पाहावयास मिळते, आणि त्याचा मोह मला आवरला नाही. येथून जवळच ती बैठी वास्तू आहे, जेथे लष्करी वैद्य रोनाल्ड रॉस याने २० ऑगस्ट १८९७ रोजी डासाच्या जठरात हिवतापाचे परोपजीवी जंतू पाहिले. १९०२ साली नोबेल पारितोषिक मिळवून देणारा हा शोध हैदराबादच्या उकाड्यात, पंखा बंद ठेवून, घामाने गंजलेल्या सूक्ष्मदर्शकावर लागला. आता ती वास्तू उस्मानिया विद्यापीठाकडे आहे आणि तिच्याकडे वाट वाकडी करून जाणारा मनुष्य विरळा. पलीकडे पायगा घराण्यातील विकार-उल-उमरा यांनी बांधविलेली, स्पेनमधील मूर शिल्पाची आठवण करून देणारी मशीद आहे. आणि विमानतळाच्या अगदी शेजारी हैदराबाद पब्लिक स्कूलची ऐसपैस इमारत आहे, जी १९२३ साली जागीरदारांच्या पुत्रांसाठी जागीरदार कॉलेज म्हणून निघाली. जागिरी गेल्या, कॉलेज सर्वांसाठी खुले झाले, आणि ज्या प्रांगणात उमरावांची मुले घोड्यावर मांड ठोकण्यास शिकत, तेथून निघालेला एक विद्यार्थी, सत्या नडेला, पुढे मायक्रोसॉफ्टचा प्रमुख झाला.

निजामाच्या दरबाराचा विमानांशी संबंध विमानतळापेक्षाही जुना आहे. पहिल्या महायुद्धात सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी इंग्रजांना जी अफाट द्रव्यसाहाय्ये केली, त्यांपैकी एक म्हणजे डीएच-९ए जातीच्या बाँबफेकी विमानांचा संपूर्ण ताफा. १९१८ साली फ्रान्सच्या रणभूमीवर तो लढला आणि ब्रिटिश वायुदलातील त्या ११०व्या पथकाच्या नावास ‘हैदराबाद’ हे विशेषण कायमचे चिकटले. दुसऱ्या महायुद्धात १५२व्या पथकालाही तेच नाव मिळाले आणि त्याच्या चिन्हात निजामाचे शिरोभूषण आले. म्हणजे हैदराबादचे नाव युरोपच्या आकाशात फिरून आले, आणि मग बऱ्याच वर्षांनी हैदराबादच्या आकाशात हैदराबादचे विमान उडाले. हा क्रम संस्थानी वैभवाच्या रीतीस धरूनच होता.

बेगमपेठेत विमाने उतरू लागली ती विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात. १९३२ च्या ऑक्टोबरात जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून जुहूपर्यंत टपालाचे विमान आणले आणि नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते टपाल बल्लारीमार्गे मद्रासेस पोचविले; पुढे त्या मार्गावर बल्लारीच्या जागी हैदराबादचा थांबा आला. त्याच सुमारास संस्थानातील हौशी मंडळींनी बाबर मिर्झा यांच्या पुढाकाराने हैदराबाद एरो क्लब चालविला. मुंबईच्या फ्लाइंग क्लबने १९२८ मध्ये जुहूला जे आरंभिले होते, त्याचीच ही दख्खनी आवृत्ती. १९३७ साली येथे प्रवाशांसाठी पहिली इमारत तयार झाली. विमानतळाच्या या प्रारंभकाळाशी राजकुमारी दुर्रेशहवार यांचे नाव जोडले जाते. तुर्कस्तानच्या अखेरच्या खलिफाची ही कन्या निजामाची थोरली सून होती आणि तिच्या पतीची पदवी होती ‘प्रिन्स ऑफ बेरार’. ज्या वऱ्हाडाचा कारभार १८५३ पासूनच इंग्रजांच्या हाती होता, त्या मराठी मुलखाचे केवळ नाव हैदराबादेत असे मिरवत होते.

या साऱ्यात मला सर्वांत कुतूहलाची वाटते ती संस्थानाच्या रेल्वेखात्याची महत्त्वाकांक्षा. १९३० साली निजाम सरकारने रेल्वे तिच्या कंपनीकडून ताब्यात घेतली. १९३२ च्या जून महिन्यात याच खात्याने सत्तावीस बसगाड्या रस्त्यावर आणल्या, ज्यांतून पुढे आंध्रचे आणि तेलंगणाचे मार्ग-परिवहन महामंडळ वाढले. आणि १९४५ साली टाटांच्या विमान कंपनीस अल्पांश भागीदार करून घेऊन याच रेल्वेखात्याने ‘डेक्कन एअरवेज’ ही कंपनी उभारली. सुमारे एकाहत्तर टक्के भांडवल रेल्वेचे, बाकीचे टाटांचे. एकाच खात्याने रुळावरून, सडकेवरून आणि आकाशातून माणसे वाहावी हा प्रयोग हिंदुस्थानात तरी असाधारणच होता. स्टेशनमास्तर, बसचा कंडक्टर आणि वैमानिक एकाच सरकार-इ-आलीचे नोकर! या कंपनीचा ताफा होता महायुद्धातून उरलेल्या डकोटा विमानांचा आणि तिचे घर होते बेगमपेठ.

डेक्कन एअरवेजचा कारभार अल्पायुषी ठरला, पण तिच्या खाती एक गोष्ट अशी जमा आहे की तेवढ्यासाठी तिचे नाव राहावे. प्रेम माथुर नावाच्या तरुणीने व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळविला आणि नोकरीसाठी एकामागून एक कंपन्यांचे दरवाजे ठोठावले. स्त्रीच्या हाती विमान पाहून प्रवासी बिचकतील, असे सांगून सर्वांनी तिला वाटेस लावले. तिला घेतले ते हैदराबादच्या या संस्थानी कंपनीने, आणि अशा रीतीने भारतातील पहिली स्त्री व्यावसायिक वैमानिक बेगमपेठेच्या धावपट्टीवरून उडाली. १९४९ साली राष्ट्रीय हवाई शर्यत तिनेच जिंकली. ज्या दरबारास आपण सनातनी, पडदानशीन आणि काळाच्या मागे राहिलेला म्हणतो, आणि बहुतेक बाबतीत ते यथार्थच आहे, त्याच्या एका कंपनीने मुंबई-कलकत्त्याच्या पुढारलेल्या व्यापाऱ्यांना जे धाडस झाले नाही ते करून दाखविले.

दरम्यान युद्ध येऊन गेले होते. त्या काळात येथे वायुदलाची प्राथमिक उड्डाणशाळा चालली. टायगर मॉथ या दुहेरी पंखांच्या विमानांवर कोवळी पोरे उडावयास शिकली आणि थेट ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गेली. ही शाळा स्वातंत्र्यानंतरही बेगमपेठेत राहिली आणि साठीच्या दशकात बिदरला गेली. आपल्या उदगीरपासून फार दूर नसलेल्या त्या बिदरात वायुसेनेचे नवखे वैमानिक आजही धडे घेतात.

१९४८ साल उजाडले तेव्हा संस्थानातील विमानतळांना वेगळाच अर्थ प्राप्त झाला. संस्थान भारतात विलीन होत नाही म्हणून भारताने नाकेबंदी केल्यावर सिडनी कॉटन नावाच्या एका ऑस्ट्रेलियन साहसी मनुष्याने लँकेस्ट्रियन विमानांतून कराचीहून रात्रीच्या काळोखात शस्त्रे आणून ती बिदर आणि वरंगळच्या बाजूस उतरविण्याचा उद्योग आरंभिला. १३ सप्टेंबरला पोलीस कारवाई सुरू झाली, तेव्हा भारतीय टेंपेस्ट विमानांनी त्या धावपट्ट्यांचा समाचार घेतला. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. संस्थानातील मुक्तिलढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगातून बाहेर आले आणि मराठवाडा मुक्त झाला. त्यानंतर पाचएक महिन्यांनी, १९४९ च्या फेब्रुवारीत, सरदार पटेल विमानाने हैदराबादेस आले, आणि जगातील सर्वांत श्रीमंत म्हणून गाजलेला निजाम त्यांना सामोरा गेला तो याच बेगमपेठेच्या विमानतळावर. त्या भेटीचे छायाचित्र प्रसिद्ध आहे: धिप्पाड सरदार हात जोडून उभे आणि समोर कृश देहयष्टीचा निजाम, त्याचेही हात जोडलेले. सव्वादोनशे वर्षांची असफजाही राजवट कोठे संपली, असे कोणी विचारले तर मी चौमहल्ला राजवाडा दाखविणार नाही, हे मैदान दाखवीन.

पुढची हकीकत सर्वत्र सारखीच असल्यामुळे ती थोडक्यात आटोपतो. १९५३ साली देशातील आठ कंपन्यांचे एकीकरण होऊन इंडियन एअरलाइन्स झाली आणि डेक्कन एअरवेज तीत विरली. १९७२ साली धावपट्टीच्या दक्षिणेस, आजच्या सरदार पटेल मार्गाच्या बाजूस, नवी इमारत उभी राहिली. उत्तरेकडील, बोवेनपल्लीच्या अंगाची जुनी इमारत मागे पडली आणि त्या भागास लोक अद्यापही ‘ओल्ड एअरपोर्ट’च म्हणतात. संगणकाच्या धंद्याने शहर फुगले, आखाती देशांकडे जाणारी आणि तेथून येणारी गर्दी उसळली, आणि चोहोबाजूंनी घरे येऊन भिडल्यामुळे विमानतळास हातपाय पसरण्यास जागा उरली नाही.

मग शमशाबादचा इजारा झाला. डिसेंबर २००४ च्या करारनाम्यात अशी अट होती की नव्या विमानतळाच्या दीडशे किलोमीटरांच्या परिघात दुसरे विमानतळ व्यापारी वाहतुकीसाठी ठरावीक मुदतीपर्यंत चालू नये. त्यामुळे बेगमपेठेचा निकाल जणू आधीच लागला होता. मार्च २००८ मध्ये प्राधिकरणाच्या कर्मचाऱ्यांनी देशभर काम बंद ठेवून निषेध केला, परंतु करार हा करार असतो. २३ मार्च २००८ पासून सारी प्रवासी विमाने शमशाबादला उतरू लागली. पहिल्या विमानतळाचे ‘एचवायडी’ हे संकेताक्षरही नव्याने उचलून नेले आणि बेगमपेठेस ‘बीपीएम’ असे नवे देण्यात आले. वैमानिकांच्या परिभाषेतील ‘व्हीओएचवाय’ एवढे मात्र त्याच्याकडेच राहिले. थोरल्या भावाने गावच्या वतनाबरोबर आडनावही नेले, तसा हा प्रकार.

आत शिरण्याची सामान्य माणसास एकच वाट आहे, ती म्हणजे दर दोन वर्षांनी येथे भरणारे विमान-प्रदर्शन. २००८ मध्ये ‘इंडिया एव्हिएशन’ या नावाने ते सुरू झाले आणि आता ‘विंग्ज इंडिया’ म्हणून ओळखले जाते. २०२४ च्या जानेवारीतील प्रदर्शनास मी सर्वसाधारण प्रेक्षकांसाठी राखलेल्या दिवशी तिकीट काढून गेलो. धावपट्टीच्या कडेस, एरवी जेथे लहान विमाने उभी राहतात, तेथे बोइंगचे ७७७-९ हे प्रचंड विमान उभे होते. त्याच्या पंखांची टोके वर दुमडता येतात, जेणेकरून सुमारे बहात्तर मीटरांचा विस्तार पासष्टाच्या आत येऊन ते सध्याच्या विमानतळांच्या फाटकांशी लावता यावे. शेजारी एअर इंडियाचे नवेकोरे एअरबस ए-३५० होते. कुटुंबेच्या कुटुंबे, खांद्यावर मुले घेतलेली, त्या राक्षसांकडे पाहत होती. मी मात्र धावपट्टीच पाहत राहिलो. तिच्या टोकांवर ०९ आणि २७ हे आकडे आहेत. पूर्वेकडे तोंड केल्यास होकायंत्र नव्वद अंश दाखविते आणि पश्चिमेकडे केल्यास दोनशे सत्तर, त्यांतील शेवटचे शून्य गाळले की हे आकडे उरतात. लांबी तीन हजार दोनशे तीस मीटर. समुद्रसपाटीपासून उंची पाचशे एकतीस. इतक्या लांब पट्टीवरून दोन आसनांचे सेसना उडते, तेव्हा तिचा फार लहानसा भाग वापरला जातो, आणि शिकणाऱ्याच्या दृष्टीने ही चैन अमूल्य होय. चूक झाली तर पुढे जमीन शिल्लक असते.

प्रदर्शनाच्या आनंदास एक काळी किनार आहे, ती लपवून ठेवणे उचित नव्हे. ३ मार्च २०१० रोजी नौदलाच्या ‘सागर पवन’ या कसरतपथकाचे एक विमान प्रात्यक्षिकाच्या वेळी बोवेनपल्लीतील एका इमारतीवर कोसळले आणि दोन्ही वैमानिक गेले. त्याच्या आदल्या वर्षी, २ सप्टेंबर २००९ च्या सकाळी, आंध्रचे मुख्यमंत्री वाय. एस. राजशेखर रेड्डी यांचे हेलिकॉप्टर बेगमपेठेहूनच निघाले होते. नल्लमलाच्या डोंगरात ते पडले आणि त्यातील कोणीही वाचले नाही. वस्तीच्या मध्यावर उड्डाणे ठेवावी काय, हा प्रश्न विचारणाऱ्यांना म्हणूनच केवळ भित्रे म्हणून उडवून लावता येत नाही.

उत्तरेकडील ‘ओल्ड एअरपोर्ट’च्या बाजूस गेलो, तेव्हा फाटकाबाहेरूनच जे दिसले त्याने मी सुखावलो. येथे तेलंगणा राज्याची विमानविद्येची प्रबोधिनी आहे. पांढरा सदरा घातलेली, खांद्यावर एकच पट्टी असलेली मुले-मुली चहाच्या टपरीपाशी उभी राहून आपल्या नोंदवहीतील तास मोजीत होती. व्यावसायिक परवान्यासाठी दोनशे तासांचे उड्डाण भरावे लागते, आणि प्रत्येक तास हजारो रुपयांचा असल्यामुळे त्यांच्या बोलण्यात वाऱ्याची दिशा आणि बँकेचे कर्ज यांची पदोपदी गल्लत होत होती. ‘आज क्रॉसविंड जास्त आहे, सोलो मिळणार नाही,’ असे एक मुलगी हिंदीत म्हणाली. चौकशी केली तेव्हा ती लातूरची निघाली. प्रत्यक्ष सरावाची बरीच उड्डाणे शहराच्या आग्नेयेस, नादरगुलच्या लहान धावपट्टीवर होतात, कारण बेगमपेठेच्या आकाशात मोठ्या विमानांची आणि वायुसेनेची वर्दळ असते. तरी घर हेच. याच आवारात प्राधिकरणाने हवाई वाहतुकीच्या संशोधनासाठी उभारलेल्या संस्थेचे पंतप्रधानांच्या हस्ते मार्च २०२४ मध्ये उद्घाटन झाले, म्हणजे विद्येची ही जुनी जागा पुन्हा विद्येकडेच वळली आहे.

लातूरच्या त्या मुलीने एक साधा प्रश्न केला: आमच्या गावी एवढी धावपट्टी असून मला येथे का यावे लागले? लातूर, नांदेड, धाराशिव, यवतमाळ, बारामती या ठिकाणी सरकारने धावपट्ट्या बांधल्या. २००९ साली त्या एका खासगी कंपनीस इजाऱ्याने दिल्या, आणि प्रवासी विमान केव्हा सुरू होणार या एकाच प्रश्नावर आपली वर्तमानपत्रे आणि आमदार इतकी वर्षे अडून बसले. प्रवासी विमान आले तरी ते दिवसातून एकदा येईल. उड्डाणशाळा असली तर धावपट्टी दिवसभर राबते. गोंदियाजवळच्या बिरसीस हे २००८ पासून दिसून आले आहे, बारामतीत दिसते, आणि २०२१ नंतर प्राधिकरणाने जळगाव, बेळगाव आणि कलबुर्गी येथे शाळांना जागा दिल्यावर तेथेही दिसू लागले. बेगमपेठेने प्रवासी गमावले आणि तरीही ते ओसाड पडले नाही, याचे मुख्य कारण एरो क्लबापासून चालत आलेली ती शिकविण्याची परंपरा होय.

शहराच्या काळजातील ही जमीन मोलाने इतकी जड आहे की तिचे भूखंड पाडण्याची कल्पना कोणाच्या ना कोणाच्या मनात वेळोवेळी येत राहणार. तसे करू नये. आणि वाचकांपैकी जे हैदराबादेस जातील, त्यांनी चारमिनार आणि सालारजंग संग्रहालय पाहून झाल्यावर एक सकाळ बेगमपेठेसाठी राखावी. उन्हे तापण्यापूर्वी जावे, कारण शिकाऊ विमाने वारा पडलेला असतानाच अधिक उडतात.